टीआरएल आणि स्केलिंग रेडीनेस: पर्यावरणपूरक शोध मोठा करण्याआधी लावायच्या दोन मोजपट्ट्या

पर्यावरणपूरक तंत्रज्ञानात मोठं भांडवल घालण्याआधी त्याची तांत्रिक तपासणी करणं हे माझं काम. त्याआधी बरीच वर्षं मी पदार्थांच्या चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळेत होते. त्यामुळे आकड्यांचा तक्ता समोर आला की आधी त्याखालच्या चाचणीच्या अटी वाचायची सवय लागली आहे. या कामात दोन मोजपट्ट्या माझ्या सतत हाताशी असतात. एक टीआरएल, म्हणजे टेक्नॉलॉजी रेडीनेस लेव्हल, तंत्रज्ञान किती तयार आहे ते पायऱ्यांत सांगणारी. ही बहुतेकांनी निदान ऐकलेली असते. दुसरी स्केलिंग रेडीनेस, म्हणजे शोध मोठ्या प्रमाणावर न्यायची तयारी मोजणारी. ती शेती संशोधनाच्या जगातून आली आणि बाहेर फारशी कोणाला माहीत नाही. दोन्ही भरपूर वापरल्यावर माझं मत असं: टीआरएल तपासणी सुरू करायला उत्तम आहे, पण फक्त तिच्या भरवशावर कोणी मोठा कारखाना उभारायला निघालं तर मी त्याला अडवेन. दुसरी पट्टी किचकट आहे, वेळ खाते, माणसांना नाराज करते, आणि तरीही मी तीच सुचवेन.

टीआरएलचं श्रेय आधी देते. १९७४ मध्ये नासातल्या स्टॅन सॅडिन यांनी ही कल्पना मांडली. सुरुवातीला सात पायऱ्या होत्या, पुढे नऊ झाल्या, आणि १९९५ मध्ये जॉन मॅन्किन्स यांनी प्रत्येक पायरीचं सविस्तर वर्णन लिहिलं. पहिल्या पायरीवर मूळ तत्त्व दिसलेलं असतं, तिसरीवर कल्पना प्रयोगाने सिद्ध होते, चौथीवर प्रयोगशाळेत तपासणी होते, पाचवी-सहावीला ‘संबंधित परिस्थिती’ येते, सातवीला प्रोटोटाइप प्रत्यक्ष कामाच्या जागी चालतो आणि नववीला संपूर्ण यंत्रणा खऱ्या वापरात टिकलेली असते. युरोपीय संघाने २०१४ पासूनच्या होरायझन २०२० या संशोधन-निधीच्या कार्यक्रमात ही पट्टी स्वीकारली आणि त्यानंतर निधीच्या अर्जांमध्ये ती सगळीकडे दिसू लागली.

तिची खरी ताकद एका प्रश्नात आहे: हे कुठे चालवून पाहिलं? संशोधक उत्साहाने बोलत असतात, आलेख चढते असतात, आणि तेव्हा हा साधा प्रश्न चर्चेला जमिनीवर आणतो. पेरोव्हस्काइट सौरघटाचं उदाहरण घ्या, म्हणजे सिलिकॉनऐवजी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा थर वापरणारा सौरघट. २००९ मध्ये त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज लहान आकाराचे घट २५ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. आकडा पाहून कोणीही हरखून जाईल. पण सिलिकॉनची पॅनेलं २५ वर्षांच्या हमीवर विकली जातात आणि त्यासाठी ८५ अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढणं, उणे ४० ते अधिक ८५ अंशांमध्ये २०० वेळा तापणं-गार होणं अशा चाचण्या पार कराव्या लागतात. ओलावा आणि उष्णता हीच पेरोव्हस्काइटची दुखरी जागा. ‘संबंधित परिस्थिती’ या शब्दांचा अर्थ इथे कळतो. टीआरएल नीट लावली तर कार्यक्षमतेचा विक्रम आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी वेगळ्या होतात.

अडचण आहे ती ‘नीट लावली तर’ यात. व्यवहारात ती एका आकड्यापुरती उरते.

माझ्याकडे आलेला एक प्रस्ताव सांगते. एका चमूने थर्मोकोलच्या जागी वापरता येईल असं बुरशीचं पॅकिंग बनवलं होतं. शेतातला भुसा ओला करून निर्जंतुक करायचा, त्यात बुरशीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, मिसळायचं, साच्यात भरायचं. साधारण आठवडाभरात बुरशीचे पांढरे तंतू भुशाला घट्ट बांधतात, मग उष्णता देऊन वाढ थांबवायची आणि ठोकळा वाळवायचा. वस्तू सुंदर होती. हलकी, मऊ कडांची, आदळली तरी आतली काच सलामत ठेवणारी. काही ग्राहकांनी त्यात गुंडाळून माल पाठवलाही होता. अर्जात लिहिलं होतं: टीआरएल ८. मागणी होती कितीतरी पट मोठ्या कारखान्याची.

ते आठ खोटं नव्हतं. ठोकळा खरोखरच त्या पायरीला पोचला होता. पण ठोकळा लहान साच्यात वाढला होता आणि प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वाळला होता. साचा मोठा झाला की आतपर्यंत प्राणवायू पोचत नाही, बुरशीच्या श्वसनाची उष्णता मध्यभागी साठते आणि गाभा कच्चा राहतो. भुशाची प्रत बदलली की हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा, आपल्या बुरशीच्या आधी पसरते. अळंबी पिकवणाऱ्या कोणालाही हे दुखणं माहीत असतं. आणि वाळवणीचा हिशेब तर कुठल्याच प्रमाणात बदलत नाही. ओल्या ठोकळ्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते, मग तुम्ही दहा ठोकळे वाळवा की दहा लाख. दहा ठोकळ्यांना ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. दहा लाखांना ती कोळशातून आली तर थर्मोकोल टाळून काय मिळवलं हा प्रश्न उभा राहतो. टीआरएलच्या रकान्यात यातलं काहीच मावत नाही, कारण ती वस्तूची तयारी मोजते आणि इथे अडचणी वस्तूभोवतीच्या होत्या.

प्रमाणाची उडी केवढी घ्यावी, हेही टीआरएल सांगत नाही. यासाठी मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पवनचक्क्यांचा इतिहास वाचायला लावते. डेन्मार्कमध्ये गेडसर इथे योहानेस यूल यांची २०० किलोवॅटची चक्की १९५७ मध्ये उभी राहिली आणि सुमारे दहा वर्षं फारशा दुरुस्तीशिवाय चालली. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॅनिश उत्पादक २२, ३०, ५५ किलोवॅट अशा लहान चक्क्यांपासून सुरुवात करून एकेक पायरी मोठे होत गेले. प्रत्येक पायरीवर मोडतोड झाली, ती वापरणाऱ्यांनी उघडपणे सांगितली, पुढची चक्की सुधारली. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीने ग्रोव्हियान नावाची ३ मेगावॅटची, सुमारे १०० मीटर व्यासाच्या पात्यांची चक्की थेट उभारली. १९८३ पासून १९८७ पर्यंत ती अवघे ४२० तास चालली. पदार्थांवरचे ताण त्या आकारात कसे वागतील याचा अनुभव कोणाकडेच नव्हता. अभियंते कमी हुशार होते असं मुळीच नाही. त्यांच्या आणि त्या आकाराच्या मधल्या पायऱ्या कोणी चढलेल्या नव्हत्या, एवढंच.

आता दुसरी मोजपट्टी. स्केलिंग रेडीनेस सीजीआयएआर या आंतरराष्ट्रीय कृषी-संशोधन जाळ्यातल्या संशोधकांनी विकसित केली आणि २०२० मध्ये ती व्यवस्थित मांडली गेली. नवं बियाणं, नवी साठवण, नवं औजार संशोधन केंद्रात उत्तम चालतं आणि शेतकऱ्यांपर्यंत पोचत नाही, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, तयारी आणि वापर हे दोन वेगळे अक्ष ठेवले, दोन्ही ० ते ९. तयारीचा अक्ष टीआरएलसारखाच आहे, फक्त त्यात नियंत्रित, अर्धनियंत्रित आणि अनियंत्रित परिस्थितीतल्या चाचण्या स्पष्ट वेगळ्या केल्या आहेत. वापराचा अक्ष मला विलक्षण आवडतो. तो नुसते किती लोक वापरतात एवढंच विचारत नाही. ते लोक कोण, हे विचारतो. शोध लावणारा चमू स्वतः वापरत असेल तर गुण १. भागीदार संस्था वापरत असतील तर थोडा वर. चमूशी काही ना काही ओळख-संबंध असलेले लोक त्याहून वर. चमूला कधी न भेटलेले लोक वापरू लागले की आणखी वर, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते सर्रास वापरू लागले की ९. अनुदानावर फुकट वाटलेली हजारो यंत्रं या पट्टीवर फार वर जात नाहीत.

दुसरी गोष्ट, शोध एकटा मोजायचाच नाही. मुख्य शोध आणि त्याला चालायला लागणारे पूरक घटक, सगळे वेगवेगळे लिहायचे, प्रत्येकाची तयारी गुणिले वापर करायची आणि सर्वात कमी गुण कोणाला ते पाहायचं. पिंपाच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असल्या तर पाणी सर्वात बुटक्या फळीपर्यंतच भरतं, हे चित्र त्यांनी लीबिगच्या जुन्या नियमातून घेतलं आहे: पिकाची वाढ सर्वात अपुऱ्या पोषकद्रव्यापाशी अडते.

बुरशीच्या पॅकिंगला ही पट्टी लावली तेव्हा चमूने आधी विरोध केला. खोलीत बसून पूरक घटकांची यादी करायची तर पहिल्या तासाला सगळे म्हणतात, आमचं उत्पादन तर तयार आहे. हळूहळू यादी भरली. ठोकळा बनवण्याची पद्धत: तयारी ८, वापर ५, गुणाकार ४०. ग्राहकाच्या पॅकिंग लाइनवर ठोकळा बसणं: ७ गुणिले ३. एकसारख्या प्रतीच्या भुशाचा वर्षभर पुरवठा: ६ गुणिले २. वापरानंतर ठोकळ्याचं खत होणं: ५ गुणिले १, कारण नियंत्रित चाचणीत ते होत होतं, पण वापरणारं कोणीही तसं करत नव्हतं, ठोकळे सरसकट मिश्र कचऱ्यात जात होते. आणि मोठ्या प्रमाणातली, कमी इंधनावरची वाळवणी: ४ गुणिले १. चाळीस आणि चार एका पानावर शेजारी आले तेव्हा खोलीतला सूरच बदलला. त्या दिवसानंतर कोणी बुरशीच्या जातीबद्दल फार बोललं नाही, सगळे ड्रायरबद्दल बोलत होते.

इथे या पद्धतीचा आणखी एक गुण सांगायलाच हवा. अडलेल्या घटकाचं काय करायचं याचे पर्याय ती पुढे ठेवते: घटक बदला, दुसऱ्या कोणाकडे सोपवा, सुधारा, ठिकाण बदला, उद्दिष्ट बदला, काही काळ पुढे ढकला, किंवा थांबा. ‘थांबा’ हा पर्याय छापलेला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या क्षेत्रात थांबणं म्हणजे हार असं मानलं जातं, त्यामुळे ते कोणी तोंडाने उच्चारत नाही आणि पैसा जात राहतो. कागदावर पर्याय म्हणून तो लिहिलेला असला की निदान चर्चा होते. या चमूने ‘ठिकाण बदला’ निवडलं: दुसऱ्या उद्योगाची वाया जाणारी उष्णता जिथे मिळते तिथे, मधल्या आकाराचं, फक्त वाळवणीचं युनिट. मोठा कारखाना मागे ठेवला.

वापराचा अक्ष किती महत्त्वाचा आहे हे ज्यांना पटत नाही त्यांना मी सुधारित चुलींचा अभ्यास दाखवते. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात ज्या चुलींचा परिणाम काही वर्षं मोजला, त्या प्रयोगशाळेत धूर कमी करत होत्या. पहिल्या वर्षी धुराचा त्रास कमी झालाही. नंतर तो परिणाम विरला, कारण चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या आणि त्यांची देखभाल होत नव्हती. तयारी चांगली, वापर घसरलेला. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर कोणी विस्तार केला असता तर तो याच घसरणीचा विस्तार झाला असता. म्हणून वापराचा गुण देताना मी विचारते, हा कोणत्या महिन्यातला आकडा आहे आणि त्यानंतर कोणी परत जाऊन पाहिलं का.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि काही गंभीर आहेत.

गुणाकार मला पूर्ण पटत नाही. या पायऱ्या क्रम दाखवतात. तिसरीतून चौथीत जाणं आणि सातवीतून आठवीत जाणं यांचं अंतर सारखं नसतं, शेवटच्या पायऱ्या सहसा कितीतरी जास्त वेळ आणि पैसा घेतात. शिवाय १२ हा गुण ६ गुणिले २ मधूनही येतो आणि ३ गुणिले ४ मधूनही. पहिल्यात वस्तू बरी आहे, लोक वापरत नाहीत. दुसऱ्यात लोक वापरू लागलेत आणि वस्तू अजून कच्ची आहे, जे मला जास्त भीतीदायक वाटतं. दोन्हींचे उपाय उलट दिशेचे. त्यामुळे गुणाकाराने क्रम लावा, पण निर्णय घेताना मूळ दोन आकडे समोर ठेवा.

कोण गुण देतं यावरही बरंच ठरतं. चमूने स्वतः दिलेले गुण आणि बाहेरच्या तपासनिसाने दिलेले गुण यांत नेहमी फरक पडतो. पद्धत पुरावा मागते, ही चांगली गोष्ट. पण पुरावा म्हणून काय चालेल यावर ठाम राहायला माणूस लागतो. सादरीकरणातली स्लाइड मी पुरावा धरत नाही. चाचणीचा अहवाल, त्यातली अयशस्वी नमुन्यांची संख्या, आणि चमूबाहेरच्या वापरकर्त्याशी झालेलं बोलणं धरते.

सगळ्यात मोठी उणीव दोन्ही पट्ट्यांना सारखीच आहे: शोध पर्यावरणाचं खरोखर भलं करतो का, हे त्यांच्या गुणांत येत नाही. क्लोरोफ्लोरोकार्बन आठवा. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी ते शीतकरणासाठी पुढे आणले. विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, जुन्या वायूंपेक्षा घरात ठेवायला कितीतरी सुरक्षित. त्यांची तयारी पूर्ण होती, वापर जगभर होता. दोन्ही अक्षांवर नऊ. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी ओझोन थराला त्यांचा धोका दाखवला आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. परिपक्वता आणि चांगुलपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी तिसरा रकाना हाताने जोडते, जीवनचक्र मूल्यांकनाचा (कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा हिशेब), आणि तोही आजच्या लहान प्रमाणासाठी एकदा आणि अपेक्षित मोठ्या प्रमाणासाठी एकदा. मोठ्या प्रमाणावर कच्चा माल कुठून येईल, तो आज कोणाच्या तरी उपयोगाचा आहे का? बुरशीच्या पॅकिंगमध्ये भुसा ‘टाकाऊ’ म्हणून धरला होता. मागणी वाढली की तो टाकाऊ राहणार नाही. आज तो जनावरांच्या चाऱ्यात किंवा जमिनीत परत जात असेल तर तिथे तूट पडेल. हे उत्तर लहान पायलटमधून, म्हणजे छोट्या प्रायोगिक प्रकल्पातून, मिळतच नाही, कारण लहान पायलटने बाजार हलत नाही.

इतर पट्ट्यांबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या नवीकरणीय ऊर्जा संस्थेचा सहा पायऱ्यांचा व्यापारी तयारी निर्देशांक वीजप्रकल्पांसाठी चांगला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने टीआरएलला दोन पायऱ्या जोडून अकरा केल्या आहेत, त्यात व्यवस्थेत सामावून जाणं आणि स्थिर वाढ हे मुद्दे येतात. धोरण लिहिणाऱ्यांनी ती पाहावी. अमेरिकी ऊर्जा विभागाची स्वीकार-तयारीची पट्टी १७ प्रकारच्या जोखमी तपासते आणि परवानग्या, मनुष्यबळ, पुरवठासाखळी यांच्या बाबतीत ती माझ्या आवडत्या पद्धतीपेक्षा जास्त नेमकी आहे. कारखान्यातल्या उत्पादनाचा प्रश्न असेल तर संरक्षण क्षेत्रातून आलेली दहा पायऱ्यांची एमआरएल, म्हणजे उत्पादन-तयारीची पट्टी, वापरा. सगळ्या एकदम लावू नका. कागद वाढतात आणि सर्वात कमी गुणाची ओळ त्यात हरवते.

गुण द्यायचेच तर टीआरएलला पाचपैकी तीन देईन, स्केलिंग रेडीनेसला चार. अगदी सुरुवातीच्या, अजून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असलेल्या शोधाला दुसरी पट्टी लावू नका. तिथे वापराचा अक्ष शून्य-एकच येणार आणि चमू उगाच खचेल. तिथे टीआरएल पुरेशी आहे. पहिला पायलट झाला आणि कोणीतरी ‘आता मोठं करू’ म्हणालं, की त्याच दिवशी दुसरी काढा. गुण एका ठिकाणासाठी, एका उद्देशासाठी आणि त्या वेळेपुरते असतात, हे त्या पद्धतीत स्पष्ट सांगितलं आहे. कोरड्या हवेतला गुण दमट हवेत चालत नाही, तिथे पुन्हा मोजावं लागतं. मी अहवालाच्या पहिल्या पानावर आता एकत्रित गुण छापत नाही. तिथे सर्वात बुटका घटक, त्यामागचा पुरावा आणि त्याला वर आणणारी पुढची चाचणी एवढंच असतं. बुरशीच्या पॅकिंगची वाळवणी मधल्या आकारात जमली आहे, तिची तयारी ६ वर आली. सर्वात खाली आता खताची ओळ आहे, आणि पुढची चाचणी तिचीच लागली आहे: ग्राहकाच्या घरून ठोकळा परत गोळा करता येतो का.